पंचवीस हजारांत घरचा संगणक बदलताना : ठाण्यातील एका टंकलेखिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाण्यातील वर्तकनगर भागात राहणाऱ्या एका चौकोनी कुटुंबाचे आहे. त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मात्र घटनांचा क्रम, तांत्रिक बाबी आणि निर्णयांमागची कारणे जशीच्या तशी ठेवली आहेत. कुटुंबातील गृहिणी गेली अनेक वर्षे घरून मराठी टंकलेखन करतात आणि या लेखात त्यांना ‘ताई’ असेच म्हटले आहे. गृहनिर्माण संस्थांचे वार्षिक अहवाल आणि सभांच्या नोटिसा, वकिलांकडची प्रतिज्ञापत्रे, निवृत्त मंडळींची हस्तलिखित आत्मचरित्रे, क्वचित एखादा कवितासंग्रह असे त्यांचे काम असते. यजमान ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात नोकरीला आहेत, मुलगा तंत्रनिकेतनात संगणक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलगी शाळेत शिकते. मी त्याच परिसरात संगणकाचे वर्ग घेतो, आणि मुलगा पूर्वी माझ्याकडे शिकलेला असल्याने हे प्रकरण माझ्यापर्यंत आले.

घरातला संगणक २०१४ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन जोडून आणलेला होता. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. जोडीला साडेअठरा इंची मॉनिटर होता आणि त्याला फक्त व्हीजीए या जुन्या पद्धतीची जोडणी होती. त्यावर विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती चालत होती. ताईंचे निम्मे काम युनिकोड ही सर्व संगणकांवर चालणारी प्रमाण अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये आणि पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. त्या फॉन्टचे सॉफ्टवेअर यूएसबी डोंगल (परवान्याची खूण म्हणून संगणकाला लावायची छोटी किल्ली) लावल्याशिवाय उघडत नसे. संगणक बदलण्यासाठी कुटुंबाने पंचवीस हजार रुपये बाजूला काढले होते आणि त्यापुढे हप्त्यांवर काही घ्यायचे नाही, हे यजमानांनी आरंभीच स्पष्ट केले होते.

अडचण

ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीपासून संगणक चालू केल्यावर पहिली फाइल उघडेपर्यंत दहा-बारा मिनिटे जाऊ लागली. मधूनच कॅबिनेटमधून टकटक असा आवाज येई आणि पडदा गोठून राही. सकाळी संगणक लावला की तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसे, आणि त्यामुळे बँकेचे किंवा ईमेलचे संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना देऊन अडून बसे. घरच्यांचा समज असा झाला होता की व्हायरस शिरला आहे.

याच वेळी वर्षातला सर्वांत घाईचा काळ तोंडावर आला होता. सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे अहवाल, हिशेबाची पत्रके आणि नोटिसा यांचे बहुतेक काम ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत येते, आणि त्यातच त्या वर्षी २७ ऑगस्टला गणपती बसणार होते. ताईंनी पहिल्याच भेटीत सांगितले, “सर, या महिन्यात मशीन दोन दिवस जरी बंद राहिलं तरी संस्था दुसरीकडे जातात, आणि एकदा गेलेली संस्था परत येत नाही.”

त्यात आणखी एक मुदत होती. विंडोज १० साठीची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, हे मायक्रोसॉफ्टने आधीच जाहीर केले होते. वकिलांची कागदपत्रे आणि ग्राहकांचे आधार क्रमांक ज्या संगणकावर असतात, तो अद्यतनांविना इंटरनेटला जोडून ठेवणे मला योग्य वाटत नव्हते.

तपासणीत काय आढळले

संगणक जुना झाला म्हणून मंद झाला, असे म्हणून थेट दुकान गाठणे सोपे होते. पण नेमके काय बिघडले आहे ते ठरल्याशिवाय पैसे कुठे घालायचे हे ठरत नाही, म्हणून आधी एक संध्याकाळ तपासणीला दिली.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर मामुली होता, डिस्कचा वापर मात्र सतत शंभर टक्के दिसत होता. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत साधनाने हार्ड डिस्कची स्वतःची आरोग्य-नोंद वाचली तेव्हा ‘सावधान’ असा पिवळा शेरा आला: काही सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवण्याचे छोटे भाग) आधीच बदलले गेले होते आणि काही वाचता न आल्याने प्रलंबित होते. प्रलंबित सेक्टरवर डिस्क पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करते, आणि पडदा गोठण्याचे आणि टकटक आवाजाचे कारण तेच होते. मागे जाणारी तारीख ही मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ या नाण्याएवढ्या बॅटरीची तक्रार होती. ती बॅटरी कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. व्हायरस कुठेच नव्हता.

रॅम वाढवावी का, हा प्रश्न मुलाने विचारला होता. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या वर रॅम वापरूच शकत नाही, त्यामुळे नवी रॅम लावली असती तरी ती पडून राहिली असती. आधी ६४-बिट विंडोज टाकावे लागले असते, आणि डोंगलच्या सॉफ्टवेअरचे काय होईल हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता जुन्याच यंत्राला एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावून त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली टाकण्याचा. मिंटची २२ ही आवृत्ती एप्रिल २०२९ पर्यंत अद्यतने देणारी आहे, चौथ्या पिढीच्या आय३ वर ती सुखाने चालते आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक तिच्यात आयताच मिळतो. घरात फक्त अभ्यास, ईमेल आणि युनिकोड टंकलेखन असते तर मी हाच पर्याय सुचवला असता आणि बहुतेक रक्कम वाचली असती. परंतु डोंगलवरचे फॉन्ट सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी आहे आणि ताईंची निम्मी कमाई त्यावर अवलंबून आहे.

दुसरा पर्याय विंडोज १० वरच आणखी एक वर्ष काढण्याचा. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अद्यतनांची सोय केली होती, ती ठरावीक शुल्क भरून किंवा संगणकाची मांडणी (सेटिंग्ज) मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून घेता येत होती. ही सोय चांगली होती, पण तिने मरत चाललेली डिस्क वाचत नव्हती आणि पुढच्या ऑक्टोबरात तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. त्याच जुन्या यंत्रावर नियमांना बगल देऊन विंडोज ११ बसवता येते, हेही मुलाने सुचवले. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ ची अधिकृत यादी, काही मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते आणि त्याखालच्या यंत्रांना अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कमाईच्या यंत्रावर असा आडमार्ग मी नाकारला.

लॅपटॉपवरून घरात बराच खल झाला. मुलाचे म्हणणे असे की, “आई, लॅपटॉप घेतला तर कॉलेजलाही नेता येईल आणि तुझंही काम होईल.” मागणी रास्त होती. परंतु दुकानांत विचारल्यावर कामाचा नवा लॅपटॉप पस्तीस हजारांच्या पुढे जात होता. पंचवीस हजारांत जे मिळत होते त्यांचे प्रोसेसर अगदी खालच्या श्रेणीचे होते आणि बऱ्याच मॉडेलांत रॅम मदरबोर्डवरच जोडलेली, म्हणजे पुढे न वाढवता येणारी होती. त्याहून मोठे कारण असे की दिवसाचे सात-आठ तास टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीला लॅपटॉपचा खाली झुकलेला पडदा आणि आखूड कळफलक मान-मनगटाला त्रास देतो. मग त्याला वेगळा मॉनिटर आणि कळफलक लावायचा तर लॅपटॉपचा मुद्दाच उरत नाही. मुलाच्या सी आणि पायथनच्या अभ्यासाला टेबलावरचा संगणक पुरेसा होता आणि महाविद्यालयात प्रयोगशाळा होतीच.

नवा असेंबल्ड संगणक हा चौथा पर्याय. बाराव्या पिढीचा आय३, त्याला साजेसा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, एसएसडी, कॅबिनेट आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) यांचा हिशेब पंचवीस हजारांपर्यंत पोहोचत होता, पण त्यात मॉनिटर नव्हता आणि विंडोजचा परवाना तर नव्हताच. परवाना रीतसर घ्यायचा तर तेव्हा आणखी दहा हजारांच्या आसपास जात होते. अनेक ठिकाणी दुकानदार “विंडोज टाकून देतो” म्हणतो, तेव्हा तो परवाना टाकत नसतो, हे ग्राहकाने लक्षात ठेवले पाहिजे.

उरला पाचवा पर्याय, म्हणजे कचेऱ्यांतून मुदत संपल्यावर बाहेर पडणारी आणि तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकली जाणारी रिफर्बिश्ड यंत्रे. डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची प्रोडेस्क किंवा लेनोवोची थिंकसेंटर ही यंत्रे मुळात दिवसभर चालण्यासाठी बांधलेली असतात आणि विंडोजसह विकल्या गेलेल्या यंत्रांत परवान्याची किल्ली मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (त्यातल्या कायमच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) नोंदलेली असते. ज्याचे अंदाजपत्रक तंग आहे त्याच्या दृष्टीने ही एकच गोष्ट हजारो रुपयांची आहे. उणिवाही आहेत. बऱ्याच मॉडेलांत एसएमपीएस आणि मदरबोर्डची जोडणी त्या त्या कंपनीची खास असते, म्हणून बिघाड झाल्यास बाजारातला साधा भाग चालत नाही. आणि हमी विकणाऱ्याच्या शब्दावर असते.

पहिला टप्पा : सप्टेंबर निभावणे

सर्व पर्यायांतून एक गोष्ट स्पष्ट झाली की हा निर्णय दोन टप्प्यांत घ्यायला हवा. घाईच्या महिन्यात नवे यंत्र आणून त्यावर फॉन्ट, पेजमेकर आणि प्रिंटर बसवण्याची जोखीम ताईंना परवडणारी नव्हती. म्हणून ऑगस्टमध्ये फक्त डिस्क बदलायची आणि संगणक सभांचा मोसम संपल्यावर घ्यायचा, असे ठरले. एसएसडीचे पैसे वाया जाणार नव्हते, कारण तीच एसएसडी पुढे नव्या यंत्रात जोडता येईल असा आमचा हिशेब होता.

पहिले काम बॅकअपचे केले, दुरुस्तीचे नव्हे. खराब होत असलेल्या डिस्कवर विंडोजची डिस्क-दुरुस्ती चालवली तर ती आणखी ताणली जाते आणि वाचण्याजोगी माहितीही हातची जाते. ताईंच्या चालू कामाचे फोल्डर आधी पेनड्राइव्हवर आणि एका मोफत क्लाउड खात्यात घेतले. मजकुराच्या फायली लहान असल्याने सारे काही जीबींतच मावले.

त्यानंतर पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढायची की एसएसडीवर नव्याने विंडोज टाकायचे, हा प्रश्न होता. नव्याने टाकलेले विंडोज अधिक स्वच्छ असते, आणि एरवी मी तेच करतो. येथे मात्र फॉन्ट सॉफ्टवेअरची मूळ सीडी सापडत नव्हती, त्यामुळे आहे तशी मांडणी वाचवणे भाग होते. डीडीरेस्क्यू हे साधन खराब भाग बाजूला ठेवून आधी चांगले भाग उतरवते आणि मग उरलेल्यांकडे वळते, म्हणून ते निवडले. याच कारणाने ४८० जीबीची स्वस्त एसएसडी सोडून ५०० जीबीची घेतली. प्रत सेक्टरला सेक्टर उतरायची असेल तर नवी डिस्क जुनीपेक्षा तसूभरही लहान चालत नाही. प्रत निघायला रात्र उलटली. एका आत्मचरित्राची फाइल अर्धवट निघाली, पण ताईंनी तिचे कच्चे मुद्रित लेखकाला ईमेलने पाठवले होते, तेथून ती परत मिळाली.

एसएसडी आणि नवी सेलबॅटरी लावल्यावर संगणक मिनिटाभरात कामाला तयार होऊ लागला. साध्या हार्ड डिस्कला विखुरलेले तुकडे वाचण्यासाठी दरवेळी यांत्रिक हात हलवावा लागतो, एसएसडीत तो हातच नसतो. त्यामुळे अकरा वर्षांच्या यंत्रातही हा फरक एवढा ठळक दिसतो. अहवाल आणि नोटिसा वेळेत गेल्या.

दुसरा टप्पा : यंत्राची निवड

संगणक आता वेगाने चालत असल्याने यजमानांनी साहजिकच विचारले की मग बदलायचा कशाला. याच सुमारास, ३ सप्टेंबरला, जीएसटीचे दर कमी झाल्याची घोषणा झाली होती आणि २२ तारखेनंतर संगणक स्वस्त होतील अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात संगणक आणि लॅपटॉप १८ टक्क्यांवरच राहिले. उतरला तो ३२ इंचांहून मोठ्या पडद्यांचा कर. थांबण्याने काही मिळणार नव्हते, उलट गमावण्यासारखे होते, कारण एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव त्या महिन्यांत जगभर चढू लागले होते. म्हणून रॅम नंतर वाढवू असे न म्हणता १६ जीबी असलेलेच यंत्र बघायचे ठरवले.

ठाणे स्थानकाजवळच्या एका दुकानात सौदा जवळजवळ ठरला होता. किंमत कमी होती, खोक्यावर ‘आय५’ लिहिलेले होते आणि पडद्यावर विंडोज ११ चालू दिसत होते. मुलाने प्रणालीच्या माहितीत प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक वाचला तेव्हा तो आय५-६५०० निघाला, म्हणजे सहाव्या पिढीचा. त्यावर विंडोज ११ आडमार्गानेच बसवलेले होते. आय५ या नावाने काहीच कळत नाही; त्यापुढचा क्रमांक चार आकडी असेल तर पहिला आकडा आणि पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे पिढी सांगतात. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे साधन पेनड्राइव्हवर सोबत नेले तर पात्रता दुकानातच तपासता येते. मुलाने तेथे शांतपणे नकार दिला, याचे मला कौतुक वाटते, कारण वडिलांचा हात तोवर खिशाकडे गेलेला होता.

शेवटी वाशीतल्या एका विक्रेत्याकडून आय५-८५०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेले कचेरीतले यंत्र घेतले. घेण्यापूर्वी एसएसडीचे आरोग्य पाहिले, प्रत्येक यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह लावून पाहिला, विंडोजचा परवाना सक्रिय आहे आणि बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला) आधीच्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही याची खात्री केली आणि यंत्र अर्धा तास व्हिडिओ लावून चालते ठेवले. पक्के बिल आणि एक वर्षाची लेखी हमी मागून घेतली. तेथेच कमी किमतीचे दुसरे यंत्र होते, पण त्याची हमी तीनच महिन्यांची होती.

उरलेल्या पैशांत मॉनिटर घ्यावा असा माझा आग्रह होता. जुन्या पडद्यावर १३६६ बाय ७६८ बिंदूंत रफार, अनुस्वार आणि ‘द्ध’, ‘द्व’ यांसारखी जोडाक्षरे नीट ओळखू येत नाहीत आणि मुद्रितशोधनात चुका राहतात. प्रोसेसर आणखी वरच्या श्रेणीचा घेण्यापेक्षा साडेएकवीस इंची फुल एचडी पडदा ताईंना अधिक उपयोगी होता. तो निवडताना एचडीएमआयबरोबर व्हीजीएचीही जोडणी असलेला पाहिला.

डोंगलची अडचण

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दसऱ्यानंतर, फॉन्ट सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर हलवताना खरी अडचण समोर आली. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, आणि डोंगल ओळखणारा जुना ड्रायव्हर ३२-बिटचाच होता. तो ६४-बिट विंडोजवर बसतच नाही. नव्या आवृत्तीचे शुल्क अंदाजपत्रकाबाहेरचे होते.

यावर दोन मार्ग दिसत होते: पैसे उसने घेऊन नवी आवृत्ती घेणे, किंवा जुने यंत्र इंटरनेटपासून कायमचे तोडून फक्त जुन्या फॉन्टच्या कामासाठी ठेवणे. ताईंनी दुसरा मार्ग निवडला. त्यामुळे नव्या यंत्रात जाणार असलेली एसएसडी जुन्यातच राहिली, आणि मॉनिटरच्या व्हीजीए जोडणीमुळे दोन्ही यंत्रे एकाच पडद्यावर आली. जुन्या यंत्रावर पीडीएफ तयार करायची, पेनड्राइव्हने नव्यावर आणायची, आणि तेथूनच पाठवायची, अशी शिस्त घातली. पेनड्राइव्ह नव्या यंत्रावर तपासल्याशिवाय जुन्याला लावायचा नाही, हाही नियम ठरला.

परिणाम

एसएसडी सुमारे तीन हजार, संगणक पंधरा हजारांच्या जरा आत, मॉनिटर साडेसहा हजारांच्या आसपास, आणि यूपीएसची मेलेली बॅटरी बदलण्याचे नऊशे असा खर्च होऊन एकूण रक्कम पंचवीस हजारांच्या थोडी वर गेली. यूपीएसची बॅटरी कोणाच्याच यादीत नव्हती. पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन येते तेव्हा चालू फाइल आणि डिस्क या दोहोंना धोका असतो, म्हणून ती टाळता आली नाही. जुनी हार्ड डिस्क माहिती पुसून ई-कचरा संकलनात दिली. भंगारवाल्याकडे जाऊ दिली नाही, कारण तिच्यावर लोकांची कागदपत्रे होती.

ताई आता नवे काम शक्यतो युनिकोडमध्येच घेतात. विंडोजमधल्या मराठी फोनेटिक कळफलकाचा त्यांनी प्रयत्न केला, पण बोटांना सवय जुन्या मांडणीची असल्याने वेग पडला. इनस्क्रिप्टचा सराव त्या रोज थोडा थोडा करत आहेत. मुलाला रात्री अभ्यासासाठी नवे यंत्र मिळते, मात्र दोघांचे काम एकाच वेळी आले की ओढाताण होते, आणि ती या निर्णयाने सुटलेली नाही.

वेगळे काय करता आले असते

डोंगल ६४-बिट विंडोजवर चालेल का, ही चौकशी ऑगस्टमध्येच एका दूरध्वनीवर झाली असती. ते आधी कळले असते तर २५६ जीबी एसएसडी असलेले यंत्र घ्यायचे की एसएसडीविना मिळणारे, मॉनिटरपेक्षा सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचे का, हे सारे प्रश्न पैसे हाती असताना विचारता आले असते. माझा कौल तरीही मॉनिटरच्याच बाजूने पडला असता, कारण युनिकोडकडे जाणे अटळ आहे आणि डोळे बदलून मिळत नाहीत. पण तो निर्णय ताईंनी पर्याय समोर ठेवून घ्यायला हवा होता.

सीडी आणि परवान्याची कागदपत्रे एका पाकिटात जपलेली असती तर मरणोन्मुख डिस्कची प्रत काढण्याचा सारा खटाटोप टळला असता आणि लहान, स्वस्त एसएसडी पुरली असती. लॅपटॉपबाबतही वेगळा विचार शक्य होता: मुलगा पदविकेनंतर पदवीला गेला तर त्याला लॅपटॉप लागणारच, तेव्हा त्यासाठी दरमहा थोडी रक्कम आतापासून वेगळी ठेवणे या निर्णयाचाच भाग करता आला असता. ते आता डिसेंबरपासून सुरू झाले आहे.

जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये रूपांतरित करण्याचे काम बाकी आहे. रूपांतरकाने मजकूर बदलतो, पण रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, त्यामुळे प्रत्येक फाइल वाचून पाहावी लागते. ज्या संस्थांचे अहवाल दरवर्षी जुन्याच साच्यावरून तयार होतात, त्यांच्या फायली ताईंनी आधी घेतल्या आहेत, म्हणजे पुढच्या ऑगस्टपर्यंत किमान ते काम नव्या यंत्रावरून करता येईल.